धुरपताबाईची गवतगाडी

धुरपताबाईवर मी लिहितोय हे आमच्या सचिवसाहेबांना कळलं तर ते म्हणतील, "गुरुजी, आपल्या शाळेत एवढी मोठमोठी माणसं होऊन गेली, त्यांच्यावर लिहा की!" नाही लिहिणार. जन्मभर मी सेनगावात विज्ञान शिकवलं आणि मोठ्या माणसांच्या सत्काराची प्रास्ताविकं करून करून घसा बसवून घेतला. त्यातलं एक वाक्य आज आठवेल तर शपथ. आठवते ती मैदानाच्या कडेला उकिडवी बसून विळ्यानं गवत कापणारी बाई. शिवाय मी एकदा एका कागदावर सही करून तिच्यावर अन्याय केलेला आहे, त्यामुळे लिहायचंच झालं तर पहिला मान तिचा.

धुरपताबाई साखऱ्याच्या रस्त्यावरच्या तांड्यातली. वय विचारलं की म्हणायची, "मी जन्मले तवा माझ्यापाशी घड्याळ नव्हतं." काटक बाई. केसांना लोंबणारे जुन्या घडणीचे चांदीचे झुबके, लुगड्यावर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि कमरेला खोचलेला विळा. शाळेचं मैदान चांगलं चार एकराचं. पावसाळ्यात गुडघ्याएवढं गवत माजायचं. ते ती कापायची आणि भारा बांधून आपल्या दोन म्हशींना न्यायची. शाळेनं तिला काही द्यायचं नाही, तिनं शाळेला काही मागायचं नाही, गवत हीच मजुरी. हा ठराव कोणी कुठं लिहिलेला नव्हता, पण वीस-एक वर्षं तो बिनबोभाट चालला होता.

तिची एक सवय भल्याभल्यांना खटकायची. कापायला बसली की ती कोणासाठी उठायची नाही. एकदा नवे मुख्याध्यापक आले. मैदानाची पाहणी करत तिच्यापाशी गेले आणि म्हणाले, "बाई, माणूस आलं की उभं राहावं."

"मूठ सुटती सर," ती मान वर न करता म्हणाली. "तुमीच बसा."

डाव्या मुठीत गवत धरलेलं असतं, उठलं की ते सांडतं, एवढाच तिचा मुद्दा. मुख्याध्यापक बिचारे साधे होते. धोतर सावरून खरंच बसले आणि दहा मिनिटं तिच्याशी बोलले. आम्ही सगळे स्टाफरूमच्या खिडकीतून पाहत होतो, हसून हसून पोट दुखलं.

दुसरी सवय म्हणजे "काहून?" काहीही सांगा, तिचा पहिला शब्द काहून. गेट पाचला बंद होणार. काहून? उद्या सुट्टी आहे. काहून? मी इतकी वर्षं प्रकाश, उष्णता, चुंबकत्व शिकवलं, पण धुरपताबाईएवढे प्रश्न विचारणारा विद्यार्थी मला मिळाला नाही. मिळाला असता तर मी बहुतेक त्याला वर्गाबाहेर उभा केला असता, हेही खरं सांगतो.

एकदा पुसेगावच्या जीपमध्ये आम्ही बरोबर होतो. म्हणजे मी मागं कोंबलेला आणि ती भारा टपावर टाकून थेट ड्रायव्हरशेजारी जाऊन बसलेली. ड्रायव्हर म्हणाला, "मावशे, मागं व्हय. म्होरं सायेब लोक बसतात."

"काहून? त्याइचे गुडघे जास्त दुखतात का?"

जीपमधली माणसं खो खो हसली. ड्रायव्हर रागानं खाली उतरून उभा राहिला. ती शांतपणे समोर बघत बसली. "मला घाई न्हाई," म्हणाली, "माझ्या म्हशी सांजच्याला दूध देतात. तुमचं पाहा." पाच मिनिटांत जीप निघाली. धुरपताबाई पुढंच होती.

तिला यंत्रातलं कळतं हे मात्र मला फार उशिरा समजलं. मतदार यादीचं काम घेऊन मी तांड्यावर गेलो होतो. विहिरीवरचं डिझेलचं इंजिन बंद पडलेलं. तीन बाप्ये आळीपाळीनं हँडल मारून घामाघूम झाले होते, चौथा इंजिनाला शिव्या घालत होता. धुरपताबाई डोक्यावरची घागर खाली ठेवून आली. इंजिनाला हात लावला नाही. भोवती एक चक्कर मारली, मग धूर जायच्या नळीपाशी बसली आणि आत वाळकी काडी घातली. काडी अर्ध्यावर अडली. उकरलं तर ओंजळभर माती बाहेर. कुंभारमाशीनं नळीत घर केलं होतं.

"इंजन रुसत न्हाई गुरुजी," ती मला म्हणाली. "त्याला कायतरी पाहिजे असतं. हे नुसते हँडल मारून राहिले. त्याला कोनी इचारलंच न्हाई."

मी वहीत तिच्या नावापुढं खूण केली आणि पुढच्या घरी गेलो. मनात म्हणालो, बाई हुशार आहे. तेवढ्यावर विसरलो.

आणि मग शाळेत ती गवतगाडी आली.

सचिवसाहेब म्हणजे शाळेचे संस्थापक आबासाहेब यांचे चिरंजीव. आबासाहेब भला माणूस. त्यांनी अनवाणी फिरून शाळा उभी केली. चिरंजीवांना शाळेपेक्षा फोटोत जास्त रस. त्यांनी हैदराबादच्या कुठल्याशा क्लबाची जुनी मशीन उचलली. लाल रंगाची, चार चाकांची, वर बसायला गादी आणि पोटाखाली फिरणारी पाती. पोळा झाल्यावर ती टेम्पोतून आली. बरोबर आलेल्या माणसानं मैदानावर चालवून दाखवली, नामदेव शिपायाला शिकवली. आम्ही टाळ्या वाजवल्या, पेढे खाल्ले.

सचिवसाहेब कडेला बसलेल्या धुरपताबाईकडे पाहून म्हणाले, "आता विळा घरी ठेव बाई. तुझं काम संपलं."

"दगडापाशी जाती का ती? कुंपनाच्या कडंला जाती का?"

नव्हती जात. म्हणून कडेचं गवत धुरपताबाईकडे राहिलं. नामदेव मधलं मैदान कापायचा, ती कड कापायची आणि कापता कापता त्या मशिनीकडे टक लावून बघायची. आमच्या स्टाफरूममध्ये त्याचा अर्थ लगेच निघाला. बाई जळते आहे.

दसरा आला. खंडेनवमीला गावात विळे, नांगर, ट्रॅक्टर, जे असेल त्याची पूजा होते. गवतगाडीचीही झाली. सचिवसाहेबांनी आबासाहेबांचा लाकडी चौकटीतला मोठा फोटो आणला, मशिनीच्या गादीवर उभा ठेवला, लाल नाड्यानं पाठीला घट्ट बांधला आणि हार घातला. मग त्यांना कल्पना सुचली. पुढच्या आठवड्यात क्रीडा संमेलन होतं. उद्घाटनाला आबासाहेबच मैदानावर फेरी मारतील! फोटो गादीवर, मशीन चालू, आणि नामदेव बाजूनं चालत स्टिअरिंग धरणार. तोवर फोटोला कोणी हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद झाली.

रंगीत तालमीच्या दिवशी नामदेवनं बाजूला उभं राहून चावी फिरवली. मशीन घुर्र घुर्र करून थांबली. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच.

सलीमभाई मिस्त्रीला बोलावलं. सलीमभाईचा हात म्हणजे सेनगावात शेवटचा शब्द, मोटारसायकल असो की फवारणीचा पंप. त्यानं बॅटरी पाहिली, ठणठणीत. टाकी रिकामी करून नवं पेट्रोल भरलं. हवेची जाळी झटकली. प्लग काढून घासला, मग नवाच बसवला. शेवटी प्लग बॉडीला टेकवून नामदेवला चावी फिरवायला लावली. ठिणगी पडेना.

"मास्टरसाब, करंट येतच नाही," तो मला म्हणाला. "कॉइल गेली असंल. ये इधर नै मिलती."

मी विज्ञानाचा शिक्षक. मीही वाकलो, चष्मा पुसला, गंभीर चेहरा केला आणि म्हणालो, "हो, कॉइलच." सांगण्यासारखी गोष्ट ही की दोन दिवस आम्ही सगळे त्या मशिनीच्या भोवती उभे होतो आणि बाजूनं हात घालून चावी फिरवत होतो. आबासाहेब गादीवर बसलेले.

टाकी रिकामी करताना झाकणाच्या तोंडाशी गवताच्या दोन काड्या निघाल्या होत्या. सचिवसाहेबांना तेवढं पुरलं. दुपारी तीन शिक्षकांची चौकशी समिती झाली आणि त्यात मी होतो. धुरपताबाईला ऑफिसात बोलावलं. ती आली आणि दारात उभी राहिली. शाळेत कोणापुढं तिला उभी मी पहिल्यांदाच पाहिली.

"टाकीत गवत कोणी घातलं?" सचिवसाहेबांनी विचारलं.

"गवत कापायच्या मशिनीवर गवत न्हाई तं काय जिलबी घावंल?"

"तोंड सांभाळून बोल! तुझं काम गेलं म्हणून तू मशीन बिघडवलीस. संमेलन झालं की पोलिसात अर्ज देणार आहे मी."

धुरपताबाईचा चेहरा बदलला. ती घाबरली नव्हती, चिडली होती. "काम घ्या," ती म्हणाली. "गवत घ्या. म्हशी मी जगवीन कशा बी. पर बिघडवनारी म्हनून मी या गेटाबाहेर जानार न्हाई. माझ्या तांड्यात इंजन बंद पडलं तं लोकं मला हाक मारतात. उद्या मला पाहून इंजन झाकून ठिवतील. त्या मशिनीला काय पाहिजे ते मला ठावं हाय. मी चालू करून देते. पर तुमचा फोटो काढावा लागंल."

"फोटो?" सचिवसाहेब खुर्चीतून उठले. "आबासाहेबांच्या फोटोला तू हात लावणार? चल, नीघ इथून!"

ती निघाली. जाताना माझ्याकडे बघून गेली. मला तेव्हा विचारता आलं असतं, बाई, फोटो काढायचा तो काहून? एक शब्द. तिच्याकडून वीस वर्षं ऐकलेला. मी विचारला नाही. समोर अहवाल आला, "सदर महिलेने आकसापोटी यंत्रात बिघाड केल्याचे दिसून येते," आणि मी सही केली. माझी सही सुरेख आहे, मुलं तिची नक्कल करायची. त्या दिवशी ती सुरेख आली याचीच मला आजवर लाज वाटते.

संमेलनाचा दिवस उजाडला. मैदान भरलं, पाहुणे आले, लेझीम पथक रांगेत उभं राहिलं. मशीन बंद होती, पण सचिवसाहेबांनी तोड काढली होती. आठ पोरं मशीन ढकलणार आणि आबासाहेबांची फेरी होणारच. ताशा वाजला, पोरांनी जोर लावला आणि मशीन जागची हलली नाही. मशीन बंद असली की तिची चाकं आतून जाम. आणखी चार पोरं आली. कोणाचा तरी पाय घसरला. मांडवात खसखस पिकली, ताशेवाले एकमेकांकडे बघू लागले. सचिवसाहेबांचं तोंड उतरलं.

तेवढ्यात कुंपणाकडून धुरपताबाई येताना दिसली. सरळ मैदानाच्या मधून. गेटवर नामदेवला तिला अडवायला सांगितलं होतं, पण नामदेव इथं मशिनीपाशी होता आणि कुंपणातली फट तिच्याएवढी कोणाला माहीत असणार! ती आली, फोटोपुढं हात जोडले, कमरेचा विळा काढला आणि एका झटक्यात नाडा कापला.

ताशा थांबला.

तिनं फोटो दोन्ही हातांनी उचलला, इकडंतिकडं पाहिलं आणि माझ्या हातात दिला. "धरा गुरुजी. हलका हाय, मानसाएवढं वजन न्हाई याचं." मग पाय वर टाकला आणि त्या गादीवर बसली. शर्टाच्या बाह्या वर सारल्या, पायाखालची पट्टी दाबली, चावी फिरवली. घुर्र झालं आणि मशीन पहिल्याच दणक्यात चालू झाली.

मी इतक्या वर्षांत प्रयोगशाळेत शेकडो प्रयोग केले, ठरलेले, उत्तर पुस्तकात असलेले. खरा प्रयोग मी त्या दिवशी पाहिला, तोही आबासाहेबांना छातीशी धरून.

"उतर!" सचिवसाहेब धावत आले. "आधी खाली उतर!"

"उतरले की बंद पडंल," धुरपताबाई म्हणाली.

"उतर म्हणतो ना!"

"पाहा मंग." ती गादीवरून वीतभर उठली. मशीन खाकरून बंद. ती बसली, चावी फिरवली. चालू. पुन्हा उठली. बंद. पुन्हा बसली. चालू. मांडवातली पोरं मोजायला लागली, एक, दोन, तीन!

गर्दीतून सलीमभाई पुढं आला. जमिनीवर आडवा झाला आणि गादीखाली डोकावला. "या अल्ला," तो म्हणाला, "नीचे बटन हाय! मानूस बसल्याशिवाय करंट सोडतच न्हाई. मास्टरसाब, हम दोनो बेवकूफ." तो हसत हसत कपडे झटकत उठला आणि भर मैदानात त्यानं धुरपताबाईला सलाम केला. मोठ्या मनाचा माणूस.

टेम्पोबरोबर आलेला माणूस मशीन चालवून दाखवत होता तेव्हा आम्ही सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होतो. धुरपताबाई तेवढी जमिनीवर बसलेली होती. तिची नजर बरोबर त्या गादीच्या खाली होती. माणूस बसला की तिथली कळ दाबली जाते आणि उठला की सुटते, मशीन बंद होते, हे तिनं तीनदा पाहिलं होतं. जळत नव्हती ती. शिकत होती.

ताशेवाल्यांना कोणी सांगितलं देव जाणे, पण ताशा पुन्हा सुरू झाला. मशीन निघाली. फेरी झाली, आबासाहेबांची झाली, फक्त ते गादीवर नव्हते, माझ्या हातात होते. मी पुढं चाललो होतो आणि मागून धुरपताबाई येत होती. आबासाहेब जिवंत असते तर त्यांनी तिला स्वतः गादीवर बसवलं असतं. हे मी सचिवसाहेबांना नंतर तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "तो अहवाल फाडून टाका." मी फाडला नाही, घरी नेऊन कपाटात ठेवला.

पोलिसात अर्ज गेला नाही. आठवड्याभरानं नामदेव मशीन घेऊन कुंपणात घुसला, तेव्हापासून चावी धुरपताबाईकडे आली. मधलं मैदान मशिनीनं आणि कड विळ्यानं, दोन्ही तीच कापू लागली. मशिनीच्या गवताला म्हशींनी आधी नाक मुरडलं, मग खायला लागल्या.

मी सेवानिवृत्त झालो तो श्रावणातला दिवस. शाल, नारळ, भाषणं सगळं उरकलं. मी खिशातला कागद चाचपत मैदानावर गेलो. धुरपताबाई मशिनीवर होती. मी हात केला.

"उतरत न्हाई गुरुजी, बंद पडती," ती ओरडली. "तुमीच चाला संगं."

मी शाल खांद्यावर टाकून मशिनीच्या बाजूनं चालू लागलो. चालता चालता तो अहवाल तिला मोठ्यानं वाचून दाखवला. आकसापोटी, सदर महिला, बिघाड. तिला वाचता येत नव्हतं, तेव्हा आपल्याबद्दल काय लिहिलं होतं ते तिला त्याच दिवशी कळलं. गवताच्या काड्यांशी आलो तेव्हा ती खळखळून हसली. मग खाली सही कोणाकोणाची आहे ते मी वाचलं. माझं नाव शेवटी होतं.

ती हसायची थांबली. "काहून केली?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, "भ्यालो होतो."

तिनं चाक जरा सरळ केलं. मशीन चालत होती, मी चालत होतो. मग म्हणाली, "आता?"

"आता कशाला भिऊ? रिटायर झालो की."

"मंग आता खरं लिहा."

कुंपणाची कड आली. तिनं चाक वळवलं आणि मान वळवून न बघता परत मैदानाच्या मधे निघून गेली. मी तिथंच उभा राहिलो, हातात तो कागद घेऊन. त्याची मागची बाजू कोरी होती.